परदेशी मनुष्यबळ उपसमिती, धुळे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.५०
डायरी आजपासून रोज लिहायची. एक जानेवारीला सुरू करणार होतो, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय.

काल खान्देश लघुउद्योजक मंडळाच्या बैठकीत मी अकरा मिनिटं बोललो. मुद्दा असा की आपल्याकडे कामाला माणूस मिळत नाही. कुणी सुरतेला जातो, कुणी पुण्याला, उरलेले मोबाइल बघतात. तेव्हा सरकारने कायदा बदलावा आणि आमच्यासारख्या छोट्या कारखानदारांना बाहेरच्या देशातून मजूर आणायचा परवाना द्यावा. जग असंच चालतं. माझा स्वतःचा मुलगा हितेंद्र कॅनडात आहे. त्यांना माणसं कमी पडली, त्यांनी आपली नेली. आपल्याला कमी पडली तर आपण कुणाची तरी आणावी. यात न समजण्यासारखं काय आहे?

बोलून झाल्यावर मी खाली बसलो. अध्यक्ष जितेंद्र बागड म्हणाले, "प्रेमराजभाऊ, विषय मोठा आहे. तुम्हीच बघा." लगेच परदेशी मनुष्यबळ उपसमिती स्थापन झाली. निमंत्रक मी. सदस्यांची नावं नंतर ठरतील.

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठून पांझरेच्या काठाने चालायचं. दुसरा चहा बंद. निवेदन पंधरा दिवसांत दिल्लीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार
पावणेआठला जाग आली. चालणं उद्यापासून. रिकाम्या घरात उठवायला कुणी नसतं, हा मुद्दा संकल्प करताना लक्षात घ्यायला हवा होता.

बायको, कामिनी, हितूकडे गेली त्याला दीड वर्ष होईल. सुनेच्या बाळंतपणासाठी पाच महिने म्हणून गेली होती. व्हिसा लांबचा मिळाला आहे. मिळाला आहे तर वापरायचा, हे बरोबरच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
निवेदनाचा मसुदा सुरू. पहिला प्रश्न, कोणत्या देशातून माणसं मागवायची? नेपाळ लिहिलं होतं. कारखान्यात निंबाला सहज सांगितलं. निंबा बावीस वर्षं माझ्याकडे मिरची दळायच्या मशीनवर आहे. तो म्हणाला, "भाऊ, नेपाळना माणूसले परवाना लागस नही. शेजारना गेटवर वॉचमन शे ना, तो तठलाच शे." नेपाळ खोडलं. नकाशा बघून व्हिएतनाम लिहिलं. ते लोक तिखट खातात. मिरचीच्या कामाला योग्य.

आज मिरचीचे देठ खुडायला अठरापैकी बाराच बाया आल्या. त्यांची मुकादम सुंदरबाई ऑफिसात आली. शेडमधला मोठा पंखा दिवाळीपासून बंद आहे, बाया खोकून बेजार होतात, आणि हायवेपासून चालत यावं लागतं, एखादी गाडी लावा, असं म्हणाली. तिला शांतपणे सांगितलं की मजुरांच्या प्रश्नावर मी आता धोरणाच्या पातळीवर काम करतो आहे, या बारीक गोष्टी त्यानंतर आपोआप सुटतील. तिने पदर नाकातोंडाला बांधला. मग गेली. पटलं असावं.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.३०
हितूचा व्हिडिओ कॉल. रविवारी सकाळी साडेसातला, म्हणजे त्यांची शनिवारची रात्र. नात झोपली होती. तिची फक्त टोपी दिसली.

हितूने विचारलं, निंबाभाऊ अजून एकटेच मशीनवर असतात का, जोडीला माणूस ठेवला का. मी सांगितलं, माणूस मिळतच नाही, म्हणून तर हे सगळं चाललंय. मग उपसमितीची सविस्तर माहिती दिली. मध्येच त्याचा कॅमेरा बंद झाला. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

लोकांना मी सांगतो, मुलगा सप्लाय चेनमध्ये आहे. गोदामात खोके उचलून स्कॅन करणं ही सप्लाय चेनच असते. तिची सुरुवात तिथूनच होते.

१० फेब्रुवारी, सोमवार
चाललो. पुलापर्यंत. उद्यापासून पुढे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
काल जळगावला जाऊन आलो. उपसमितीला जिल्ह्याबाहेर पाठिंबा हवा. तिथल्या एका चटईवाल्या कारखानदाराशी ओळख काढली होती. मोतीलालशेठ त्यांचं नाव. त्यांनी चहा दिला, निवेदन हातात घेतलं, पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "तुमच्याकडे बाया बसतात तिथे वारा खेळता आहे का? मशीनवरच्या माणसाला राहायला खोली आहे का?" म्हणाले, आमच्याकडे बिहारची माणसं पंधरा वर्षांपासून आहेत, सणाला जातात आणि परत येतात. मी विषय परदेशी धोरणाकडे वळवायचा दोनदा प्रयत्न केला. त्यांनी मला कामगारांच्या खोल्या दाखवल्या. एका खोलीत कुणीतरी लिट्टी भाजत होतं. मलाही खायला लावली. चांगली होती.

माणूस सज्जन आहे, पण प्रश्नाची खोली त्यांना समजलेली नाही. पाठिंबा तोंडी आहे, असं निवेदनात लिहितो.

परतीच्या बसमध्ये शेजारी पारोळ्याची एक म्हातारी होती. तिने विचारलं, "घर कोन कोन शे?" मी म्हटलं, "बठ्ठा शेतस," म्हणजे सगळे आहेत. पारोळा जवळच आलं होतं. एवढ्याशा प्रवासात लांबण कशाला लावायची.

२३ फेब्रुवारी, रविवार
कॉल आला नाही. नातीला ताप. मेसेज आला. निवेदनाची चार पानं झाली.

२ मार्च, रविवार. सकाळी ९
हितूचा वर्क परमिट जूनमध्ये संपतोय. तिकडे नियम बदलले, कितीतरी जणांचे वाढवून देत नाहीत म्हणे. आवाज बसलेला वाटला. म्हणाला, "पप्पा, तिकडेच आलो तर?"

मी हसलो. थंडीत माणूस खचतो, हे मला माहीत आहे. त्याला चिकाटीवर दहाएक मिनिटं सांगितलं. माझे वडील साक्रीच्या बाजारात मिरचीचं पोतं डोक्यावर घेऊन बसायचे, तेही सांगितलं. त्याने ते पूर्वी ऐकलं आहे, पण अशा वेळी पुन्हा ऐकलं की जोर येतो. शिवाय कॅनडाला निघताना त्याचा सत्कार झाला होता. स्टेजवर नारळ, शाल, सगळं. असा माणूस परत येऊन वडिलांच्या चक्कीवर उभा राहिला तर लोक काय म्हणतील, हे त्याला कळत नसेल असं नाही.

कामिनीने फोन घेतला. "त्याचं ऐकून तरी घ्या," म्हणाली. मी म्हटलं, सगळं ऐकलं. मग त्यांना थोडं बरं वाटावं म्हणून निवेदनाचं चौथं पान वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदावर फोन कट झाला.

८ मार्च, शनिवार
आठवडाभर चारच बाया येताहेत. निंबाला विचारलं. त्याने मान खाली घालून सांगितलं की सुंदरबाई बाकीच्या बायांना घेऊन सोमवारपासून जितेंद्र बागडांच्या मसाल्याच्या कारखान्यात बसते. तिथे दोन मोठे पंखे आहेत आणि न्यायला-आणायला गाडी आहे.

मग बागडांना फोन केला. ते मोकळेपणाने हो म्हणाले. "भाऊ, काय करू, माणसंच मिळत नाहीत. तुम्ही ते निवेदनाचं लवकर करा."

विचार केल्यावर लक्षात आलं, हा तर मोठा पुरावा आहे. मजुरांची टंचाई इतकी, की मंडळाच्या अध्यक्षालासुद्धा स्वतःच्या उपसमितीच्या निमंत्रकाची माणसं घ्यावी लागतात. निवेदनाला परिशिष्ट म्हणून जोडतो.

१४ मार्च, शुक्रवार. धूलिवंदन
कारखाना बंद. कॉलनीत रंग चालू. कुणी येऊन कामात व्यत्यय आणू नये म्हणून सकाळीच आतून कडी लावली.

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. कडी काढून ठेवली. संध्याकाळपर्यंतही नाही. काम भरपूर झालं.

१९ मार्च, बुधवार
दोन गोष्टी.

पहिली: हितूचा लांबलचक मेसेज. तिकडच्या गोदाममालकांच्या संघटनेने त्यांच्या सरकारला निवेदन दिलंय, ही माणसं परत पाठवली तर आमची गोदामं कोण चालवणार, यांचे परमिट वाढवा. वाचून ऊर भरून आला. सातासमुद्रापलीकडे माझ्याच विचाराची माणसं बसली आहेत. त्यांचा वकील प्रत्येकाची फाइल तयार करतोय. हितूच्या फाइलसाठी त्याला वडिलांचं एक पत्र हवंय. हा मुलगा भारतात परत आला तर त्याच्यासाठी इथे काम नाही, असं.

दुसरी: कामिनीचा फोन. बुधवारी कधी करत नाही. तिकडे पहाट असेल. हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, "अहो, ते पत्र लिहायलाच पाहिजे असं नाही. हितूच्या मनात नाही इथे राहायचं. तुम्ही एकदा तोंडाने म्हणा, ये. आखाजीपर्यंत आम्ही सगळे घरी येतो." मी म्हटलं, भावनेच्या भरात असे निर्णय घेत नसतात. ती म्हणाली, "मग कशाच्या भरात घेतात?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, तुम्ही जेवलात का. मी हो म्हटलं. डबा यायचा होता.

२० मार्च, गुरुवार
पत्र लिहिलं. इंग्रजीत, कंपनीच्या लेटरहेडवर. 'धुळे जिल्ह्यात माझ्या मुलासाठी कोणतंही योग्य काम उपलब्ध नाही, हे मी एक जबाबदार कारखानदार म्हणून प्रमाणित करतो.' तीन वेळा वाचलं. असं पत्र अख्ख्या एमआयडीसीत दुसरं कुणी लिहू शकणार नाही. जो बाप मुलाला परत बोलावतो तो स्वतःचा विचार करतो. मी त्याचा केला.

टाइप करायला दिलं, त्याच दुकानात गेटवर लावायचा बोर्डही छापायला टाकला: 'मशीनवर काम करण्यासाठी माणूस पाहिजे. ताबडतोब.' दुकानदाराने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि मग माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी आवडलं असावं.

स्कॅन करून पाठवलं. हितूचं उत्तर: 'ओके पप्पा.'

२३ मार्च, रविवार
कॉल छोटा झाला. कामिनी स्वयंपाकघरात होती, आली नाही. पाठ दिसली.

३० मार्च, रविवार. पाडवा
गुढी उभारायला दोन माणसं लागतात, एक काठी धरायला, एक बांधायला. खुर्चीला टेकवून एकट्याने उभारली. दुपारी वाकडी झाली.

परिषद ठरली. 'मजुरांची टंचाई आणि परदेशी मनुष्यबळ', ६ एप्रिल, देवपुरातलं मंगल कार्यालय. खुर्च्या एकशेवीस. निमंत्रणपत्रिका स्वतः वाटणार. भाषण पाठ करायचं, कागद हातात धरायचा नाही.

६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ५
परिषद झाली.

उपस्थितीबद्दल: लग्नाची तिथी होती, शिवाय ऊन. अकरापर्यंत मी आणि मांडववाला. त्यानंतर एक पत्रकार आला. त्याने जेवण कुठे आहे विचारलं. साडेअकराला बागड आले, पहिल्या रांगेत दहा मिनिटं बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवून "ऐतिहासिक" म्हणाले आणि लग्नाला गेले. मग निंबा आला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्यामागे सुंदरबाई आणि तिच्या तीन बाया. मजुरांची सभा आहे असं त्यांनी ऐकलं होतं.

मी पूर्ण भाषण केलं. चाळीस मिनिटं. शेवटी म्हटलं, प्रश्न असतील तर विचारा. सुंदरबाई उभी राहिली. पदर सावरून म्हणाली, "शेठ, त्या बाहेरदेशन्या बाया येतीन, तवय त्यासनासाठे पंखा लावशात ना?"

बाया हसल्या नाहीत. पत्रकार हसला. मी सांगितलं की परवान्याच्या अटींमध्ये मूलभूत सुविधा असतीलच, त्या पाळाव्याच लागतील. ती म्हणाली, "मंग चांगलं शे," आणि खाली बसली.

इतिवृत्तात नोंद केली: सुविधांबाबत एक प्रश्न आला, निमंत्रकांनी समाधानकारक उत्तर दिलं.

जाताना सुंदरबाईने माझ्या ताटात स्वतः वाढून दिलं. तिच्याकडे कामाला मी आहे की काय, असं क्षणभर वाटलं. एकशेवीसचं जेवण होतं. बायांना डबे भरून न्यायला सांगितले.

७ एप्रिल, सोमवार
बातमी आली नाही. चौथ्या पानावर बागडांचा लग्नातला फोटो आहे.

१६ एप्रिल, बुधवार
निवेदन कलेक्टर कचेरीत दिलं. बावीस पानं, परिशिष्टं वेगळी. आवक खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारून दिला आणि विचारलं, "कोणत्या टेबलाचं आहे हे?" मी म्हटलं, देशाचं. त्यांनी पेन्सिलने काहीतरी लिहिलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. काम सुरू झालं.

उरलेल्या चार बायाही गेल्या. आता मी आणि निंबा.

२५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १
सरकार हललं. नऊ दिवसांत.

सकाळी अकराला घरी पोलिस ठाण्यातून एक हवालदार आले. वना सोनवणे. निवेदनाचा विषय 'परदेशी' असल्याने कागद फिरत त्यांच्याकडे आला होता. माझ्याकडे कुणी परदेशी नागरिक राहतो का, एवढी चौकशी करायची होती. मी म्हटलं, अजून नाही, पुढे यायचे आहेत. त्यांनी तिन्ही खोल्या पाहिल्या. हितूच्या खोलीतला पाळणा पाहून विचारलं, बाळ कुठे आहे? मी म्हटलं, कॅनडात. पाळणा आधी आणून ठेवला होता. मग त्यांनी कागदावर लिहून घेतलं: घरात राहणाऱ्या व्यक्ती, एक.

चहा केला. त्यांचीही मुलगी नाशिकला दिली आहे. पाऊण तास बसले. मशीनबद्दल, मिरचीच्या जातींबद्दल, सगळं नीट ऐकून घेतलं. असा समजूतदार श्रोता मंडळात एक नाही. दुसरा चहा झाला. निघताना म्हटलं, पुन्हा या. ते म्हणाले, "काम निघालं तर येतो साहेब. तसं येता येत नाही."

३० एप्रिल, बुधवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)
निंबाने आजपासून काम सोडलं. आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचे गडी, बदलतात ही आपल्याकडची रीतच आहे, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तो बागडांकडे जाणार नाही. बायकोच्या गावाला, पिंपळनेरकडे, राहायला जातोय. एकट्याने मशीन आता झेपत नाही म्हणाला.

सकाळी घरी आला. सांजोऱ्या घेऊन. ऐन सणाला कुणी दारात आलं की बरं वाटतं. मी घागर भरून ठेवली होती, पण त्यापुढे काय करायचं ते कामिनीला माहीत. निंबानेच घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, वडिलांचं नाव घ्यायला लावलं.

पायरीवर बसून चपला घालताना म्हणाला, "भाऊ, हितूले बलाई ल्या. त्याले मशीनना आवाज समजस. मी शिकाडेल शे."

मी म्हटलं, तो आता सप्लाय चेनमध्ये आहे. निंबा म्हणाला, "तो मले दर बुधवारे फोन करस. मशीनन्या गोठी इचारस." 

मला हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी ७
कॉलनीत सगळीकडे माहेरवाशिणी आल्या आहेत. झोक्यांच्या कड्या कुरकुरतात, ते इथपर्यंत ऐकू येतं.

विचार केला. शांत डोक्याने. हितूची फारच इच्छा असेल तर त्याला आडकाठी करणारा मी कोण? लोक म्हणतील ते म्हणोत. 'टेक्निकल डायरेक्टर' म्हणून आणता येईल. कामिनीही आपोआप येईल, नातही. यात माझी गरज वगैरे काही नाही, त्याचं मन राखायचा प्रश्न आहे. रविवारी कॉलवर बोलायचं. सुरुवात हवामानाने करायची, मग निंबा गेल्याचं सांगायचं, मग एकदम म्हणायचं, ये.

२ मे, शुक्रवार
आरशासमोर बोलून पाहिलं. 'ये' हा शब्द फार छोटा आहे. नुसता म्हटला की हुकूम वाटतो. 'येतोस का' म्हटलं की विनंती. 'आलास तरी चालेल' हे ठीक वाटतं.

हितूच्या खोलीतली जुनी वर्तमानपत्रं आणि मिरचीच्या नमुन्याच्या पिशव्या बाहेर काढल्या. चादर बदलली. खिडकी उघडी ठेवली आहे, वास जायला दोन दिवस लागतील.

४ मे, रविवार. सकाळी ८.१५
साडेसातला कॉल आला. साडेसहापासून तयार होतो. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून.

मी हवामानाने सुरुवात केली. त्रेचाळीसच्या वर आहे म्हटलं. हितू म्हणाला, पप्पा, आधी माझं ऐका. परमिट वाढून मिळाला. तीन वर्षं. त्यांच्या मालकांच्या निवेदनाचा उपयोग झाला, पण वकील म्हणाला, फाइलमध्ये सगळ्यात जोरदार कागद तुमच्या वडिलांचा होता. असं पत्र त्याने पाहिलं नव्हतं म्हणे.

मी अभिनंदन म्हटलं. दोनदा म्हटलं. तोही थँक्यू म्हणाला. तो आता तिथे मोठं घर बघतोय. कामिनीसाठी वेगळी खोली असेल. कामिनी झोपली होती. आज लवकर झोपली म्हणाला. नात जागी होती, सुनेने, मयुरीने, तिला स्क्रीनसमोर धरलं. तिने माझ्याकडे बघून आपल्या आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

हितू म्हणाला, "तुम्ही हवामानानंतर काहीतरी सांगणार होता." मी म्हटलं, निंबा गेला, बाकी काही नाही. तो म्हणाला, हो, निंबाभाऊंनी सांगितलं.

मग म्हणाला, "पप्पा, तुम्हीच या ना इकडे. एकटे काय करता तिथे?"

मी म्हटलं, बघू. कारखाना आहे, इथली माणसं आहेत, त्यांना टाकून एकदम कसं येणार.

तो हो म्हणाला, बरोबर आहे.